बायकांना न मानवणारं पाणी

वकिलात हा शब्द त्या घरात शिरला तो पेढ्यासारखा तोंडात विरघळत, आणि पंधरा दिवसांत सगळ्यांच्या घशात अडकला. आधी तर तो धड कुणाला कळलाही नव्हता. थोरल्याला परदेशातल्या वकिलातीत नेमलंय म्हटल्यावर शेजारच्या शिंपीणबाईंनी विचारलं, म्हणजे आता बंदूक ठेवून काळा कोट घालणार का तो? माईनं त्यांना ठसक्यात समजावलं, की वकिलात म्हणजे कोर्टकचेरी नव्हे, आपल्या सरकारचं परक्या मुलखातलं घर. त्या घराच्या फाटकावर उभा राहणारा शिपाई सैन्यातून पारखून घेतलेला असतो, कुणीही ऐरागैरा नसतो. माईला हे ठाऊक असणारच. सुभेदारांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, ऐन उमेदीत नेमक्या त्याच फाटकावर तीन वर्षं काढली होती. बापामागून मुलगा. आठवडाभर माई आल्यागेल्याला हेच ऐकवत होती. मग एका सकाळी थोरलीनं, थोरल्याच्या बायकोनं, भाजी निवडता निवडता खाली मान घालून सांगितलं, की तिथे पहारेकऱ्यांना बायकोमुलं सोबत नेता येतात म्हणे. तेव्हापासून माईच्या कपाळावरची आठी काही उतरली नाही.

खरं बोलायचं तर थोरलीनं मागितलं होतं काय? नवरा. तोही स्वतःचाच. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण संसार सगळा सुट्ट्यांचा. तो यायचा, पहिले दोन दिवस नुसता झोपायचा, मग घराचे नळ, दारं, पंखे दुरुस्त करायचा, आणि जरा कुठे माणसात आला की बॅग भरायला घ्यायचा. आजवरची त्याची सगळी ठाणी अशी, की जिथे बायकोला नेणं सोडा, तिचा फोनही धड लागत नसे. आता पहिल्यांदाच कुणीतरी दोन खोल्या देतो म्हणत होतं.

पण दोन खोल्या तिकडे मिळणार म्हणजे इकडची एक रिकामी होणार, आणि गेल्या पंधरा दिवसांत ज्याचं त्याचं मत त्या खोलीभोवती फिरत होतं. धाकटा आधी तावातावानं विरोधात होता. त्याची बायको दिवसभर दवाखान्यात कामाला. वहिनी गेल्यावर माईचे गुडघे कोण शेकणार, अण्णांचं, म्हणजे सुभेदारांचं, पथ्य कोण सांभाळणार, असं तो म्हणायचा. मग कधीतरी त्याच्या लक्षात आलं, की विजेच्या मोटारींना तार गुंडाळायचं आपलं यंत्र पत्र्याच्या शेडमधून उचलून वहिनीच्या खोलीत मांडता येईल, आणि त्याला एकाएकी वहिनीच्या हक्कांचा पुळका आला. अक्काचं नेमकं उलटं झालं. सुभेदारांची ही लेक सासरहून येऊन पहिल्या रविवारी माईशी भांडली होती, जाऊ दे की तिला, तुझ्यासारखंच तिनंही झुरत बसायचं का म्हणून. पण तिच्या पाठीवर हात ठेवून धाकट्यानं सहज विचारलं, मग माईला तू नेशील ना सहा-सहा महिने? तेव्हापासून अक्काला भाचीच्या शाळेची काळजी वाटू लागली होती. परक्या भाषेत पोरीचं काय होणार, असं ती आता म्हणत होती.

आज रविवार, आणि आज निकाल. उद्या सकाळी छावणीतलं कार्यालय उघडलं की थोरल्याला साहेबांपुढे सांगायचं होतं, फॅमिली नेणार की नाही. सैन्यात बायकोला फॅमिलीच म्हणतात. दुपारची जेवणं उरकली होती. मधल्या खोलीतल्या टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा केला होता आणि सगळे त्याच्याकडे तोंड करून बसले होते. सुभेदार खिडकीशी आपल्या खुर्चीत बशीतून चहा पीत होते. थोरली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ना आत ना बाहेर.

फोन वाजला. धाकट्यानं आवाज मोठा केला.

थोरल्यानं आधी सगळ्यांच्या तब्येती विचारल्या. माईच्या गोळ्यांचं विचारलं. माई म्हणाली, घेत नाहीये. गेल्या आठवड्यात तिनं तशी धमकीच दिली होती, सून गेली तर गोळी तोंडात घालणार नाही. आणि बाई बोलल्याप्रमाणे वागली होती.  मग तो म्हणाला, "माई, गोळ्या घे. फॅमिलीचं काही जमत नाहीये. मनाई आहे."

"कुणाची मनाई?" धाकट्यानं विचारलं.

"वरूनच. तिथली जागा लहान आहे. पहाऱ्याच्या वेळा वेड्यावाकड्या." तो अडखळला. थोरलीनं दाराची चौकट धरली. "आणि तिकडचं पाणी बायकांना मानवत नाही. माईला विचारा, तिला माहीत आहे."

"बघा," माई म्हणाली. "मी काय सांगत होते? अहो, ऐकलंत ना? अजून तसंच आहे तिथलं पाणी."

सुभेदारांच्या हातातली बशी कलली आणि चहा त्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर सांडला.

पुढचं बोलणं त्यांच्या कानावरून गेलं. अक्कानं हुश्श केलं, धाकट्यानं काहीतरी पुटपुटत फोन ठेवला. सुभेदार लेंगा चोळत बसले होते आणि त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. पोरगा खोटं बोलतोय. यात संशयाला जागाच नव्हती. जागा लहान असेल, पहाऱ्याच्या वेळा वेड्यावाकड्या असतील, पण पाण्याचं कुठलाही साहेब त्याला सांगणं शक्य नव्हतं. कारण ते पाणी जगात कुठेच नव्हतं. ते सुभेदारांनी स्वतः, उभ्या उभ्या, बनवलं होतं.

तेव्हा घराघरांत फोन नव्हते. माईला डाकघरात बोलावून घ्यावं लागे. सुभेदार वकिलातीच्या कचेरीत खिडकीशी उभे राहून बोलत होते. कुटुंब आणायला परवानगी मिळाली होती, मागच्या आवारातल्या दोन खोल्याही ते बघून आले होते. पण घरी त्यांच्या आईनं अन्न सोडलं होतं. सून गेली तर मी उपाशी मरेन, असं तिनं सुभेदारांच्या मोठ्या भावाकडून कळवलं होतं. आईला नाही म्हणायची ताकद नव्हती आणि बायकोला खरं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून सुभेदार तेव्हा फोनमध्ये म्हणाले होते, मनाई आहे. त्यांना वाटलं, संपलं. पण माईनं विचारलं, का? सैन्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला 'का?' असं कुणी कधी विचारलेलं नसतं. समोर फाटकापाशी एक माणूस जमीन खणून फुटका पाइप जोडत होता आणि पाण्याची चिळकांडी त्याच्या तोंडावर उडत होती. सुभेदार म्हणाले, इथलं पाणी बायकांना मानवत नाही.

माईनं ते जसंच्या तसं पदरात घेतलं. वर घाबरून विचारलं, अहो, मग तुम्हाला मानवतं ना?

त्यानंतरच्या प्रत्येक पत्रात शेवटची ओळ ठरलेली असायची, पाणी उकळून प्या. तीन वर्षांनी ते परत आले तेव्हा अक्का चार वर्षांची होती आणि त्यांना काका म्हणत होती. घरात याचा विनोद झाला. माई तर हसून हसून सांगायची, आणि गोष्टीच्या शेवटी पाणी यायचंच. काय करता, तिकडचं पाणी बायकांना मानवत नाही ना. हे ऐकत ऐकतच पोरं मोठी झाली. आज नेमक्या गरजेच्या वेळी थोरल्याच्या हाताला तेच लागलं होतं.

स्वयंपाकघरात थोरली मोरीपाशी पाठमोरी उभी राहून धुतलेलीच भांडी पुन्हा धूत होती. तिचा मोबाइल ओट्यावर पालथा पडला होता आणि त्यात एक व्हिडिओ होता. त्याच वकिलातीत आत्ता पहाऱ्यावर असलेल्या शिपायाची बायको, लग्नाआधी नर्स होती म्हणून सगळ्या तिला नर्सबाई म्हणायच्या, तिनं तो परवाच पाठवला होता. ही बघ तुमची खोली, आम्ही सोडली की तुम्हालाच मिळणार, असं म्हणत तिनं दोन खोल्या फिरून दाखवल्या होत्या. खिडकीतून झेंड्याचा खांब दिसत होता. रोज सकाळी तो वर जातो तेव्हा आपला माणूस खाली ताठ उभा असतो, आणि तू चहा गाळत त्याला बघत असतेस, काय मजा असते सांगू, असं म्हणून ती खुदकन हसली होती. आणि मग तिनं नळाखाली ग्लास धरून, भरून, एका दमात पिऊन दाखवला होता. उकळायचीसुद्धा कटकट नाही गं इथे.

बाहेर जाऊन मोबाइल टेबलावर ठेवला की पुरे. चिमणीला, तिच्या सहा वर्षांच्या लेकीला, तो व्हिडिओ इतका पाठ होता की तिनं आपल्या बाहुलीचे कपडे पिशवीत भरूनही ठेवले होते. पण तो दाखवायचा म्हणजे सगळ्या घरापुढे नवऱ्याला खोटारडा ठरवायचं. नणंद, दीर, सासू, सासरे, सगळ्यांच्या देखत. थोरली तेवढ्यासाठी थांबली नव्हती. थांबली होती ती दुसऱ्याच भीतीनं. परवानगी असूनही हा माणूस मनाई म्हणतो, म्हणजे माईच्या गोळ्यांसाठी म्हणतो की त्यालाच मी तिथे नको आहे? सुट्टीतली बायको त्याच्या अंगवळणी पडली असेल. रोजची नको असेल. हा प्रश्न तिला व्हिडिओनं सोडवता येणार नव्हता, आणि विचारायला तो माणूस समोर नव्हता.

अक्का आत आली. तिनं थोरलीच्या हातातलं पातेलं काढून घेतलं, पुसलं, फळीवर ठेवलं. म्हणाली, वहिनी, मनाईच आहे म्हटल्यावर आपण तरी काय करणार? तिचा आवाज मऊ होता आणि तिला स्वतःचीच थोडी लाज वाटत होती. थोरलीनं पुढचं भांडं उचललं. अक्कानं मग उगाचच गॅस पुसायला घेतला.

तेवढ्यात माई भिंतीला धरत धरत आली. माई वाईट बाई नव्हती, हे इथे सांगायला हवं. भांडताना ती आग्यावेताळ व्हायची, पण जिंकली की तिचं मन लोण्यासारखं व्हायचं. आता तर दोष कुणाचाच नव्हता. ना तिचा, ना सुनेचा. सरकारची मनाई. तिनं स्टूल ओढलं, बसली, आणि थोरलीचा ओला हात आपल्या हातात घेतला.

"पोरी, मला काय कळत नाही का?" ती म्हणाली. "मी पण राहिलेय अशीच. अक्का रांगत होती तेव्हा. सगळ्या बायका म्हणायच्या, यांच्या मनात असतं तर नेलं असतं. मी म्हणायची, अगं मनाई आहे, ते काय करतील? त्या एका गोष्टीवर मी दिवस काढले बघ. त्यांच्या मनात होतं, पण मनाई होती. तू पण तसंच समज."

थोरलीनं हात सोडवून घेतला नाही. पण तिचे डोळे भरून आले, आणि माईला वाटलं, आपलं बोलणं पोचलं.

सुभेदार दारात उभे होते. रिकामी बशी मोरीत ठेवायला आले होते. बायकोचं शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं होतं आणि ते सुनेच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्या चेहऱ्यावर काय लिहिलंय ते त्यांच्याइतकं त्या घरात कुणालाच वाचता आलं नसतं. गप्प राहणं सोपं होतं. इतकी वर्षं जमलंच होतं की.

"मनाई नव्हती," ते म्हणाले.

माईनं वळून बघितलं. "काय म्हणालात?"

"तुला मनाई नव्हती. हिलाही नाही." त्यांना बशी कुठे ठेवावी ते कळेना. "दोन खोल्या मिळाल्या होत्या. मी बघूनही आलो होतो. आईनं अन्न सोडलं, म्हणून मी मनाई म्हणालो. तू 'का' म्हणून विचारलंस, तेव्हा पाण्याचं सुचलं. तिथल्या पाण्याला काही झालेलं नव्हतं. थोरल्याला ते सरकारनं सांगितलेलं नाही, तुझ्याकडून कळलंय. तो माझंच खोटं बोलतोय."

अक्काच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मधल्या खोलीतून धाकटा उठून दाराशी आला आणि कुणीतरी काहीतरी बोलावं म्हणून एकेकाच्या तोंडाकडे बघू लागला.  थोरलीनं ओट्यावरचा मोबाइल उचलला, नर्सबाईचा व्हिडिओ लावला आणि माईच्या मांडीवर ठेवला. सगळ्यांना ऐकू आलं, नळ सोडल्याचा आवाज, ग्लास भरल्याचा आवाज, आणि मग ते हसणं.

माईनं तो शेवटपर्यंत बघितला. तिला राग येईल असं सगळ्यांना वाटत होतं, आणि तिला राग आलाही, पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी आलं. आपल्या सासूचं तोंड तिला आठवलं. रुसून भिंतीकडे तोंड करून झोपलेली ती म्हातारी, जिच्या उशाशी माई दूध घेऊन तासन् तास बसायची, की सासूबाई, दोन घोट तरी घ्या. ती म्हातारी कशासाठी उपाशी होती ते आज कळत होतं. आणि गेला आठवडाभर फडताळात तशाच पडलेल्या आपल्या गोळ्याही तिला आठवल्या. माईला स्वतःची शिसारी आली.

"लाव त्याला," ती थोरलीला म्हणाली.

"माई, राहू दे," अक्का पुढे झाली. "नंतर बोलू शांतपणे. सगळ्या बाजूंनी विचार—"

"तू गप्प बस. लाव गं."

फोन लागला. थोरल्याचा आवाज घाईत होता, काय झालं म्हणून. माईनं मोबाइल दोन्ही हातांनी तोंडासमोर धरला.

"तुला पाण्याचं कुणी सांगितलं?"

 तो बारीक आवाजात म्हणाला, "तूच तर सांगायचीस, माई."

"चुकीचं सांगत होते. तुझे वडील तीन वर्षं तेच पाणी पीत होते, आत्ता त्यांच्या तोंडून ऐकलं. बाकीचं त्यांनाच विचार, मला सांगवत नाही." तिचा आवाज हलला आणि तिनं तो सावरला. "उद्या साहेबांना हिचं नाव दे. पोरीचंही. आणि माझ्या गोळ्यांचं बोलू नकोस, मी घेते. आता तू मला एक खरं सांग. तुला हिला न्यायचंय की नाही?"

थोरली भिंतीला टेकली.

"न्यायचंय," तो म्हणाला. "मी पडदेसुद्धा घेऊन ठेवलेत, माई. तू गोळ्या बंद केल्यास म्हणून..."  मग म्हणाला, तिला दे ना जरा.

माईनं मोबाइल पुढे केला. थोरलीनं तो कानाला लावला. पंधरा दिवस रोज मनात घोळवलेलं सगळं तिच्या ओठांवर आलं होतं आणि एवढ्या माणसांत त्यातलं एकही अक्षर बोलण्यासारखं नव्हतं. सुटल्यासारखंही वाटत होतं आणि संतापही मावत नव्हता. आपल्याला नाही म्हणताना या माणसानं आपल्याला विचारलंसुद्धा नाही, हे ती इतक्यात विसरणार नव्हती.

"आपण तिकडे गेल्यावर बोलू," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

मग घर पांगलं. अक्काला घरी जायची घाई झाली. माईकडे न बघता ती म्हणाली, तुझं काय ते आपण बघू. धाकटा थोरलीच्या खोलीच्या दाराशी उगाच घुटमळला, भिंतीचा अंदाज घेतल्यासारखं करून शेडकडे निघून गेला. थोरली चिमणीला हाका मारत अंगणात गेली. माईच्या गुडघ्यांचं आणि अण्णांच्या पथ्याचं काहीच ठरलं नव्हतं, आणि ते आज ठरणारही नव्हतं.

सुभेदार पुन्हा आपल्या खुर्चीत जाऊन बसले होते. लेंग्यावरचा डाग वाळून तपकिरी झाला होता. माई आली, फडताळातून गोळ्या काढल्या, ग्लास भरला आणि त्यांच्यासमोरच्या बाकावर बसली. तिनं गोळी जिभेवर ठेवली, पाणी घेतलं. बराच वेळ ती ग्लासकडे बघत राहिली.

"कसं होतं हो?" तिनं विचारलं.

"काय?"

"तिथलं पाणी."

सुभेदारांना खोटं बोलता आलं असतं. मचूळ होतं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"गोड होतं," ते म्हणाले.

"उकळून प्यायचात?"

"नाही. नळाचंच."

माईनं मान हलवली. उरलेलं पाणी तिनं खिडकीतल्या कुंडीत ओतलं आणि गुडघ्यांवर हात दाबत उठली.

"तीन वर्षं मला दुसरा कसलाच घोर नव्हता," ती म्हणाली. "एवढाच होता. तुम्हाला बाधेल म्हणून."